पाच वॉटचा रेडिओ घरी जोडायचा आणि मग सुधारायचा: मुंबईतल्या क्यूआरपीवाल्यांसाठी

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू, क्यूआरपी म्हणजे कमी पॉवरवर काम करणं, मोर्सवर ५ वॉटपर्यंत आणि बोलून करायचं असेल तर साधारण १० वॉट पीकपर्यंत. एवढ्या पॉवरचा ट्रान्ससीव्हर (पाठवणं आणि ऐकणं एकाच रेडिओत) किटमधून स्वतः जोडता येतो, त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही, पण लायसन मात्र लागतंच. एएसओसीची (हौशी रेडिओ ऑपरेटरच्या सर्टिफिकेटची) परीक्षा, डब्ल्यूपीसीचं (केंद्र सरकारच्या वायरलेस खात्याचं) लायसन, अर्ज सरल संचार पोर्टलवरून, वय किमान १२, हे सगळं आधी. लायसन हातात नसताना बोर्ड जोडून रिसीव्हर म्हणून ऐकत बसा, पण मोर्सची की (बटण) दाबायची ती फक्त डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी लावलेल्या ५० ओहमच्या रेझिस्टरवर. बाहेरच्या देशातून ट्रान्समीटरचं किट मागवलं तर कस्टम्सला प्रश्न पडू शकतात, लायसनची कॉपी जवळ असलेली बरी.

आता किट कुठलं घ्यायचं. पहिलंच असेल आणि मोर्स येत असेल किंवा शिकताय, तर पिक्सी घ्या, स्वस्त आहे, हाताला सवय होते, बोर्डवर मोजून पंचवीस-तीस पार्ट. बहुतेक पिक्सी ७०२३ किलोहर्ट्झच्या क्रिस्टलवर चालतात, पॉवर एक वॉटच्या खालीच धरा. पण खरं सांगायचं तर पिक्सी हा रेडिओ कमी आणि सोल्डरिंगचा सराव जास्त, त्याच्या रिसीव्हरमध्ये फिल्टर म्हणून काही नसतंच, अख्खा बँड एकदम कानात येतो. मोर्सचं सिरियस काम करायचं असेल तर क्यूआरपी लॅब्सचं क्यूसीएक्स मिनी, तीन बीएस१७० मॉस्फेट एकत्र लावून क्लास ई मध्ये चालवतात, ३ ते ५ वॉट निघतात आणि बॅटरी फार खात नाही. आणि बोलायचं असेल तर बिटएक्स. हैदराबादच्या अश्हर फरहान यांचं हे डिझाइन आहे, मूळ बिटएक्समध्ये टोरॉइड (कॉइलसाठीची चुंबकीय रिंग) मिळत नाहीत म्हणून नळाच्या वॉशरवर कॉइल गुंडाळायची सोय होती, म्हणजे आपल्याकडच्या बाजारात काय मिळतं ते बघून केलेलं डिझाइन. पुढे ४० मीटरचा (७ मेगाहर्ट्झ बँडचा) तयार बोर्ड बिटएक्स४० आला, २०१७ च्या शेवटी सगळ्या एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झ) बँडचा मायक्रोबिटएक्स आला. सेकंडहँड मायक्रोबिटएक्स घेत असाल तर व्हर्जन विचारा, तिसऱ्या-चौथ्या व्हर्जनमध्ये हार्मॉनिक आणि स्पर्सचा (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या आणि इतर नको त्या सिग्नलचा) त्रास होता, पाचव्यात डिझाइन बदललं.

मी पुढे बोलतोय ते मुख्यतः ४० मीटर धरून, कारण मुंबईतून दिवसा पुणे-नाशिक-कोल्हापूर-हैदराबाद याच बँडवर नीट लागतं आणि पार्ट्सचं गणितही सोपं पडतं.

सामान आणायचं तर लॅमिंग्टन रोड

कागदावर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून कोणालाही लॅमिंग्टन रोड विचारा. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. यादी लिहून न्या, कारण काउंटरवर गर्दी असते आणि तुम्ही विचार करत उभे राहिलात की दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

तिथे दोन-तीन ठिकाणी फसायला होतं ते सांगतो. पहिलं, आयआरएफ५१०, म्हणजे ट्रान्समीटरचा शेवटचा पॉवर मॉस्फेट. दुकानदार म्हणेल "पाचसौदस नहीं है, पाचसौचालीस ले जाओ, उससे भारी है". भारी आहे हे खरंच, पण आपल्याला नको तेच भारी आहे. ५१० ची इनपुट कपॅसिटन्स १८० पिकोफॅरडच्या आसपास आणि ५४० ची १७०० च्या आसपास, म्हणजे ७ मेगाहर्ट्झवर त्याच्या आधीचा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर बिचारा गेट हलवूच शकत नाही, सगळी ताकद गेट चार्ज करण्यातच जाते. ५३० सुद्धा नको. ५१० च घ्या आणि दोन जास्तीचे घ्या, कारण मॉडिफिकेशन करताना जो पार्ट पहिला जातो तो हाच.

दुसरं, ट्रान्झिस्टरचे पाय. किटमधला २एन३९०४ उडाला आणि घरात बीसी५४७ पडलाय म्हणून तसाच लावला तर चालणार नाही, कारण सपाट बाजू आपल्याकडे ठेवली की ३९०४ मध्ये डावीकडून एमिटर-बेस-कलेक्टर आणि बीसी५४७ मध्ये बरोबर उलटं. फिरवून लावा. २२२२ तर अजून डोकेदुखी, पीएन२२२२ आणि पी२एन२२२२ यांचे पायसुद्धा एकमेकांच्या उलटे आहेत आणि दोन्ही एकाच डब्यात मिळतात. मल्टीमीटरच्या एचएफई (ट्रान्झिस्टरचा गेन मोजायच्या) सॉकेटमध्ये घालून बघायचं, गेन नीट दिसला की पाय कळले.

तिसरं, कपॅसिटर. लो पास फिल्टरमध्ये (हार्मॉनिक अडवतो तो) आणि ऑसिलेटरमध्ये एनपीओ किंवा सीझिरोजी टाइपच (तापला तरी व्हॅल्यू न सरकणारा) लागतो, तुम्ही २७० पिकोफॅरड मागितले की साधा डिस्क सिरॅमिक हातात ठेवतात, दिसायला तेच, पण गरम झाला की व्हॅल्यू सरकते आणि पॉवरमध्ये तापतो. बायपाससाठी १०४ (०.१ मायक्रोफॅरड) घेताय तिथे साधा चालतो, फिल्टरमध्ये नाही.

कॉइलची तार लॅमिंग्टन रोडवर शोधत बसण्यापेक्षा आपल्या एरियातल्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे जा, तो वजनावर देतो, पन्नास ग्रॅममध्ये वर्षभराचं काम होतं. फक्त लक्षात ठेवा, किटच्या कागदावर अमेरिकन गेज लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे एसडब्ल्यूजी (ब्रिटिश गेज) चालतं. अमेरिकन २८ म्हणजे ०.३२ मिलिमीटर, तर आपलं २८ म्हणजे ०.३७, त्यामुळे अमेरिकन २८ साठी आपल्याकडचं ३० नंबर मागा, आणि अमेरिकन २६ साठी २७ नंबर. जाड तार घेतली तर छोट्या टोरॉइडच्या भोकात शेवटचे वेढे बसत नाहीत, मग माणूस वेढ्यावर वेढा चढवतो आणि कॉइल बिघडते.

सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं सोल्ड्रॉन पुरतं, बिट मात्र बारीक टोकाचा घ्या. सोल्डर ६०/४०, बारीक तारेचं, आत रोझिन असलेलं. लेड-फ्रीच्या भानगडीत पहिल्या किटला पडू नका.

सोल्डरिंगच्या आधी डमी लोड

बरेच जण किट उघडलं की थेट रेझिस्टर लावायला घेतात. माझं म्हणणं, आधी डमी लोड बनवा. १ किलोओहमचे अर्ध्या वॉटचे वीस रेझिस्टर पॅरलल जोडले की ५० ओहम आणि १० वॉट, झाला लोड. कार्बन फिल्म किंवा मेटल फिल्म घ्या, वायरवाउंड नको, तो कॉइलसारखा वागतो. दोन तांब्याच्या पट्ट्यांच्या मध्ये वीस रेझिस्टर उभे सोल्डर करा, एका बाजूला बीएनसी सॉकेट.

त्यालाच पॉवर मोजायची सोय करून ठेवा. हॉट टोकाला १एन४१४८ डायोड, डायोडच्या पुढे १०३ (०.०१ मायक्रोफॅरड) कपॅसिटर जमिनीला (ग्राउंडला), आणि त्या कपॅसिटरवर मल्टीमीटर डीसी व्होल्टवर. जे रीडिंग येईल त्यात ०.६ मिळवा, वर्ग करा, १०० ने भागा, वॉट मिळाले. समजा २१.७ व्होल्ट दिसले, तर २२.३ चा वर्ग ४९७ च्या आसपास, म्हणजे जवळपास ५ वॉट. या कामाला महागडा मीटर लागत नाही. एक-दोन वॉटच्या खाली डायोडमुळे थोडा फरक पडतो, पण आपल्याला वाढलं की कमी झालं एवढंच कळायला हवं.

बोर्ड भरताना

किटसोबतच्या कागदात ऑर्डर दिलेली असते, बुटके पार्ट आधी आणि उंच नंतर, ती पाळा. पण मी त्यात एक बदल सुचवतो, शक्य असेल तर बोर्ड भागाभागाने भरा आणि प्रत्येक भाग चालू करून बघा. आधी पॉवरचा भाग, रेग्युलेटर, ५ व्होल्ट येतात का बघा. मग ऑडिओ. एलएम३८६ (ऑडिओ अॅम्प्लिफायरचा आयसी) असेल तर पाय ५ वर सप्लायच्या निम्मे व्होल्ट दिसायला हवेत, १२ दिले तर ६ च्या आसपास, आणि पाय ३ ला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून बोट ठेवलं की स्पीकरमध्ये घूं आवाज यायला हवा. आला? पुढे. नाही आला तर इथेच थांबा, कारण सगळा बोर्ड भरून झाल्यावर हाच फॉल्ट शोधायला पूर्ण संध्याकाळ जाते.

पहिल्यांदा पॉवर देताना बॅटरीच्या प्लसमध्ये गाडीचा १२ व्होल्ट ५ वॉटचा पार्किंग बल्ब सिरीजमध्ये घाला. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल आणि बोर्ड वाचेल, सगळं ठीक असेल तर बल्ब काळा राहील किंवा जेमतेम लाल दिसेल. अठ्ठावीस रुपयांचा ट्रान्झिस्टर असो की हजार रुपयांचा मॉड्यूल, धूर निघायला एकच सेकंद लागतो.

टोरॉइडला लोक उगाच घाबरतात. नियम एकच, तार भोकातून जितक्या वेळा गेली तितके वेढे. नुसती आरपार गेली तरी तो एक वेढा. बाहेरून मोजू नका, आतून मोजा. रंगावरून मटेरियल कळतं, लाल म्हणजे २ नंबर, पिवळा म्हणजे ६ नंबर, आणि काळा बिनरंगाचा म्हणजे बहुतेक फेराइट ४३. लाल आणि काळा एकमेकांच्या जागी कधीच चालत नाहीत, वेढे तेवढेच पण इंडक्टन्स शंभरपटीच्या जवळ वेगळा.

४० मीटरचा चांगला लो पास फिल्टर असा होतो: टी३७-६ पिवळ्या कोअरवर तीन कॉइल, २१ वेढे, २४ वेढे, २१ वेढे, आणि कपॅसिटर २७०, ६८०, ६८०, २७० पिकोफॅरड. २१ वेढ्यांना पस्तीस सेंटीमीटर तार कापा, २४ ला चाळीस, थोडी उरते पण कमी पडण्यापेक्षा बरं. तार डाव्या चिमटीत धरायची, पहिला वेढा घट्ट, मग प्रत्येक वेढा ओढून बसवायचा, शेजारच्याला चिकटून पण त्याच्यावर न चढता. शेवटी वेढे नखाने सरकवून कोअरभर पसरायचे, दोन टोकांच्या मध्ये थोडी मोकळी जागा ठेवायची. हे पसरवणं-दाबणं म्हणजेच ट्यूनिंग आहे, जवळ आणले की इंडक्टन्स वाढतो, लांब केले की कमी होतो. टोकावरचं एनॅमल ब्लेडने खरवडा किंवा गरम सोल्डरच्या थेंबात बुडवून जाळा, मग मल्टीमीटर लावून बोर्डच्या मागून पॅड ते पॅड कंटिन्युइटी बघा. तारेच्या टोकावर बघून उपयोग नाही, पॅडवर बघा. किट चालत नाही म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त वेळा कारण हेच, एनॅमल नीट गेलेलं नसतं आणि वरून सोल्डर छान चमकत असतं.

पीएचं (शेवटच्या पॉवर अॅम्प्लिफायरचं) बायस

बिटएक्स४० वगैरेमध्ये आयआरएफ५१० ला हीटसिंकवर बसवताना माइका किंवा सिलिकॉन पॅड आणि प्लास्टिकचा बुश विसरू नका, त्याचा पत्रा म्हणजे ड्रेनच, हीटसिंक बॉक्सला टेकला की सप्लाय थेट जमिनीला. बसवून झाल्यावर पत्रा आणि हीटसिंकमध्ये मल्टीमीटरचा बीप येत नाही ना बघा, मगच पुढे.

बायस (सिग्नल नसताना वाहणारा करंट) सेट करायला पीएची सप्लाय वायर वेगळी काढून त्यात अॅमीटर घाला. डमी लोड लावा. प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टर) आधी कमीत कमीवर, कुठल्या बाजूला कमी ते मल्टीमीटर गेटला लावून बघून घ्या, अंदाजावर नको. माइकमध्ये न बोलता पीटीटी (बोलायचं बटण) दाबा आणि प्रीसेट अगदी हळू फिरवा, बराच वेळ काहीच होत नाही आणि मग करंट अचानक चढायला लागतो. १०० मिलिअॅम्प झाले की थांबा. प्रीसेट जोरात फिरवलात तर अॅमीटरचा आकडा वाचेपर्यंत मॉस्फेट गेलेला असतो. अर्धा मिनिट पीटीटी दाबून धरा, हीटसिंक गरम होतो तसा करंट वर सरकतो, फार सरकत असेल तर हीटसिंक लहान आहे असं समजा.

मॉडिफिकेशनच्या आधी हे वाचा

किट चाललं की दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना पॉवर वाढवायची असते. पीएला वेगळी २४-२५ व्होल्टची सप्लाय दिली की बिटएक्स४० च्या ७ वॉटचे २० वॉट काढतात लोक, आणि मग हीटसिंक, फॅन, दुसरी बॅटरी. हिशोब करून बघा. ७ चे २० म्हणजे साडेचार डीबी. समोरच्याच्या एस मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवतो तो) एक घर म्हणजे ६ डीबी. म्हणजे एवढा खटाटोप करून त्याचा काटा एक घरसुद्धा हलत नाही. माझं मत पक्कं आहे, मुंबईत बसून क्यूआरपी करणाऱ्याने पॉवरला हात लावू नये, वेळ आणि पैसा रिसीव्हर आणि अँटेनावर घालावा, कारण आपला प्रॉब्लेम आपला आवाज समोर न जाणं हा कमी आणि समोरच्याचा आवाज आपल्या बिल्डिंगच्या गोंगाटात बुडणं हा जास्त असतो. एलईडी ड्रायव्हर, मोबाइल चार्जर, लिफ्टचा ड्राइव्ह, शेजारच्यांचा इन्व्हर्टर एसी, सगळे एकदम ४० मीटरवर बडबडत असतात.

आणि एका वेळी एकच बदल. बदलाच्या आधी आणि नंतर मोजा, वहीत लिहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि बिघडलं तर कुठून सुरू करणार?

आकाशवाणी आत शिरते तेव्हा

पश्चिम उपनगरात राहणाऱ्यांना, खास करून मालाड-मालवणी-कांदिवली पट्ट्यात, साध्या किटमध्ये मागून आकाशवाणी ऐकू येते, कारण मुंबईचं मीडियम वेव्ह ट्रान्समिशन तिकडूनच, ५५८ आणि १०४४ किलोहर्ट्झ. पिक्सी आणि तशाच साध्या डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हरवाल्यांना हा त्रास सगळ्यात जास्त. याला उपाय हाय पास फिल्टर, तीन पार्टचा: १ नॅनोफॅरड सिरीज, मग जमिनीला १.३ मायक्रोहेन्रीची कॉइल, मग परत १ नॅनोफॅरड सिरीज. कॉइल टी३७-२ लाल कोअरवर १८ वेढे. कटऑफ ३ मेगाहर्ट्झच्या आसपास येतो, ७ वर काही कळत नाही, १०४४ वर साधारण २९ डीबी कापतो आणि ५५८ वर ४० च्या वर. कपॅसिटर इथेही एनपीओ. बिटएक्समध्ये रिसीव्हच्या वाटेत घाला, पिक्सीत वेगळी वाट नाही म्हणून थेट अँटेना सॉकेटला घाला, एक वॉटला काही होत नाही.

पिक्सीत दुसरा करण्यासारखा बदल म्हणजे आउटपुट फिल्टर. किटमध्ये मोल्डेड चोकचा एकच सेक्शन असतो, त्याने १४ मेगाहर्ट्झवरचं दुसरं हार्मॉनिक हवं तेवढं दबत नाही. वर सांगितलेला तीन कॉइलचा फिल्टर वेगळ्या छोट्या बोर्डवर करून बाहेर जोडा. आपली पॉवर कमी आहे म्हणून हार्मॉनिककडे कोण बघतंय असं म्हणू नका, चांगल्या दिवशी २० मीटरवर दहा मिलिवॉटसुद्धा परदेशात ऐकू येतात.

एलएम३८६ आणि कान

एलएम३८६ च्या साध्या एन-१ व्हर्जनला डेटाशीट ४ ते १२ व्होल्ट सांगते. आपण लावतो फुल चार्ज झालेली बॅटरी, ती १३.५ च्या वर जाते. आयसी लगेच मरत नाही, पण खरखर, शिट्टी, तापणं सुरू होतं. ७८०९ लावून ९ व्होल्ट द्या, मोठा फरक पडतो. पाय ५ वरून जमिनीला १० ओहम आणि १०४ सिरीजमध्ये नसेल तर लावा. पाय १ आणि ८ मध्ये १० मायक्रोफॅरड असेल तर गेन २०० असतो, काढला तर २०. आवाज पुरत असेल तर काढून बघा, हिस्स कमी होतो.

बिटएक्स४० मध्ये एजीसी (आवाज आपोआप सारखा ठेवणारं सर्किट) नाही, त्यामुळे हळू आवाजातल्या स्टेशनसाठी व्हॉल्यूम वाढवून बसलात आणि शेजारच्या उपनगरातला कोणी १०० वॉटवाला बोलला की कानाचे पडदे हलतात. पूर्ण एजीसीचा बोर्ड लावेपर्यंत एवढं करा: हेडफोनच्या आधी १०० ओहम सिरीज, आणि हेडफोनवर आडवे दोन १एन४१४८ उलटसुलट. आवाज एका मर्यादेच्या वर जातच नाही. थोडा फाटतो, पण कान शाबूत.

डिस्प्लेची टिकटिक

एसआय५३५१ आणि आर्डुइनो नॅनोवाल्या व्हीएफओमध्ये (फ्रिक्वेन्सी बदलता येणाऱ्या ऑसिलेटरमध्ये) रिसीव्हरला बारीक टिकटिक किंवा किरकिर येते. अँटेना काढली तरी राहिली तर ती आपलीच, बाहेरची नाही. व्हीएफओ बोर्डला वेगळा रेग्युलेटर, सप्लायमध्ये १०० मायक्रोहेन्रीचा चोक आणि १०० मायक्रोफॅरड, डिस्प्लेच्या वायर आखूड आणि पिळलेल्या, आणि व्हीएफओच्या भोवती पत्र्याचा डबा, जुन्या तुपाच्या डब्याचा पत्रा मस्त सोल्डर होतो. डबा बोर्डच्या ग्राउंडला एकाच जागी जोडा.

फ्रिक्वेन्सी कॅलिब्रेट करायला संध्याकाळी ७२०० च्या वर जा, तिथे शॉर्टवेव्ह ब्रॉडकास्ट स्टेशनं असतात आणि ती ५ किलोहर्ट्झच्या पटीतच बसतात. कॅरिअरची शिट्टी खाली खाली आणून शून्य करा आणि डिस्प्लेवर काय दिसतं ते बघा, जेवढा फरक तेवढं करेक्शन. ट्रान्समिट अर्थातच आपल्या बँडमध्ये, ७००० ते ७२०० च्या आत.

सोसायटी आणि अँटेना

४० मीटरचा हाफ वेव्ह म्हणजे १४३ भागिले मेगाहर्ट्झ, ७.०५ ला साधारण २०.३ मीटर तार. मुंबईच्या गच्चीवर मधोमध कोअॅक्स लटकवून डायपोल लावायला जागा आणि खांब दोन्ही मिळत नाहीत, म्हणून एंड-फेड बरा पडतो, तीच २० मीटर तार, एका टोकाला ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर, क्यूआरपीला एफटी११४-४३ वर ३ आणि २१ वेढे पुरतात. तार थोडी लांब कापून नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) लावून छाटत आणा.

सेक्रेटरींकडे जाताना "साहेब, अँटेना लावायचाय" असं सुरू केलं की त्यांना मोबाइल टॉवर दिसतो आणि रेडिएशनची मीटिंग बसते. त्यापेक्षा तारेचा तुकडा हातात घेऊन जा, दाखवा, कपडे वाळत घालायच्या दोरीपेक्षा बारीक आहे, लायसनची झेरॉक्स आणि लेखी अर्ज सोबत द्या. टाकीच्या पाइपला किंवा लाइटनिंग अरेस्टरला तार बांधू नका. ट्रॅकच्या कडेच्या बिल्डिंगवाल्यांनी तार सुटली तरी रेल्वेच्या हद्दीत जाणार नाही अशी दिशा धरा, लोकलच्या ओव्हरहेडला २५ हजार व्होल्ट आहेत.

गोंगाट कमी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कॉमन मोड चोक, एफटी१४०-४३ वर आरजी-१७४ कोअॅक्सचे दहा-बारा वेढे, रेडिओच्या बाजूला. बिल्डिंगचा कचरा कोअॅक्सच्या बाहेरच्या जाळीवरून चढून येतो तो इथे अडतो. चोक लावायच्या आधी आणि नंतर रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर हेडफोनचं व्होल्टेज मल्टीमीटरच्या एसी रेंजवर मोजा, कानावर विश्वास ठेवू नका. मग घरचा मेन स्विच बंद करून बॅटरीवर परत मोजा, बराच फरक पडला तर चोर घरातच आहे, एकेक एमसीबी चालू करत शोधा.

बॅटरीचं म्हणाल तर यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अॅम्पिअर-तासाची चालते, जड आहे एवढंच. प्लसमध्ये २ अॅम्पचा फ्यूज आणि उलटी वायर लागली तर वाचवायला १एन५८२२ डायोड.

पावसाळ्याची तयारी

आपल्याकडे जूनपासून हवाच ओली असते आणि वर्सोवा-मार्वे-कुलाबा अशा ठिकाणी त्यात खारही. बोर्डवर राहिलेला फ्लक्स पाणी ओढतो आणि ऑसिलेटर सरकायला लागतो, म्हणून सगळं टेस्ट झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन बोर्ड धुवा, पंख्याखाली नीट वाळवा, बॉक्समध्ये सिलिका जेलची पुडी टाका आणि दर महिन्याला ती तव्यावर हलकी गरम करून परत ठेवा. प्रीसेट आणि रिलेवर लॅकर मारू नका, आत गेला की संपलं.

गच्चीवरच्या कनेक्टरला लोक एम-सील थापतात. पाणी अडतं, पण पुढच्या वर्षी कनेक्टर काढायचा झाला की कोअॅक्ससकट कापावा लागतो. रबराची स्वतःला चिकटणारी टेप ताणून खालून वर गुंडाळा, वरून साधी इन्सुलेशन टेप, आणि कोअॅक्स खिडकीतून आत येण्याआधी त्याला खाली एक झोल द्या म्हणजे पाणी तिथून गळून जाईल. मे-जूनच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात अँटेना रेडिओपासून काढून खिडकीबाहेर ठेवायची, नुसता रेडिओ बंद करून चालत नाही.